मूल लंगडतंय: कारण शोधायचं कसं, पायरीपायरीनं

लंगडणाऱ्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो ‘लचक भरली असेल’ या एका वाक्यापायी. मूल दिवसातून पाचदा पडतं. आई-वडिलांना विचारलं की कुठलं ना कुठलं पडणं आठवतंच, आणि सगळा दोष त्या पडण्यावर जातो. मग मालिश, शेक, लेप, दुखण्याचं सिरप, आणि आठवडा उलटतो. खुब्यात पू झालेला असेल तर त्या आठवड्यात सांधा कायमचा खराब होतो.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आणि गावातल्या डॉक्टरांसाठी, फिजिओथेरपिस्टसाठी आहे. पालकांनीही वाचावा, बघण्याचा आणि विचारण्याचा भाग त्यांनाही घरी करता येतो. लंगडण्याची कारणं पन्नासच्या वर निघतील, ती पाठ करून उपयोग नाही. तीन प्रश्न याच क्रमानं सोडवायचे: आज किती घाई आहे? दुखणं नेमकं कुठे आहे? तिथे काय झालंय? क्रम उलटा केला, म्हणजे आधी आजाराचं नाव शोधायला गेलो, की चूक होते.

आधी घाई ठरवा

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असली तरी त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ दोन्ही असलेल्या रुग्णालयात पाठवायचं. ‘उद्या बघू’ चालणार नाही.

- ताप आहे आणि मूल पाय टेकवतच नाही.
- तान्हं बाळ एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं. इतक्या लहान बाळाला सांध्यात पू असूनही ताप नसू शकतो.
- दहा-पंधरा वर्षांचं, बहुधा वजनदार मूल अचानक पाय टाकेनासं झालं.
- दुखण्यानं रात्री झोपेतून उठतं, फिकट दिसतं, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग आहेत.
- एक किंवा दोन्ही पाय अचानक लुळे पडले, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला.
- मुलगा लंगडतोय, जांघेत दुखतं म्हणतो, उलटी झाली आहे. चड्डी उतरवून वृषण बघितल्याशिवाय त्याला सोडू नका. वृषणाला पीळ पडला असेल तर हातात मोजके तास असतात.

यातलं काहीच नसेल तर निवांत बसा. पुढचं काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे.

विचारपूस: ‘पडला का?’ हा शेवटचा प्रश्न

पहिला प्रश्न: कधीपासून? काल संध्याकाळपासून आणि ‘चालायला लागल्यापासूनच असंच आहे’ ही दोन वेगळी जगं आहेत. पालक म्हणतात, दोन दिवस झाले. शाळेतल्या बाई म्हणतात, महिनाभर पाय ओढतोय. म्हणून जुना व्हिडिओ मागा. वाढदिवसाचा, गणपतीतल्या नाचाचा, कुठलाही. मोबाइलमधला सहा महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ पुष्कळदा तारखेचा वाद तिथल्या तिथे मिटवतो.

दुसरा: दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त? सकाळी उठल्यावर पाय आखडलेला आणि तासाभरानं मोकळा होत असेल तर सांध्याची दीर्घकाळची सूज, म्हणजे मुलांतला संधिवात, मनात आणा. खेळून झाल्यावर संध्याकाळी वाढत असेल तर ताण, घर्षण किंवा सांध्याच्या रचनेतला दोष. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं मात्र गंभीर धरायचं. वाढीच्या वयातलं साधं पाय दुखणंही रात्रीच होतं, पण ते दोन्ही पायांत असतं, चोळल्यावर थांबतं आणि सकाळी मूल पळत असतं. एकाच जागी, एकाच पायात, रोज रात्री दुखतंय आणि दिवसा मूल लंगडतंय, तर त्याला वाढीचं दुखणं म्हणू नका. वाढीच्या दुखण्यात मूल लंगडत नाही.

मग पुढचे प्रश्न: गेल्या दोन-तीन आठवड्यांत सर्दी, घसा, जुलाब? कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं होतं? घरात कुणाला क्षयरोग? कुणाला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार)? वजन घटलं? अनवाणी कुठे फिरलं? नवे बूट घेतले? दुखणं एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरतंय? असं फिरत असेल आणि आधी घसा दुखून गेला असेल तर संधिवाताचा ताप मनात आणून हृदयाची तपासणी करायची, कारण तिथे खरा धोका झडपांना असतो.

पडल्याबद्दल शेवटी विचारा. त्यातही उंची, पाय कसा पडला, आणि मुख्य म्हणजे पडल्यानंतर लगेच चालत होतं का, हे विचारा. पडल्यावर दोन दिवस नीट खेळलेलं मूल तिसऱ्या दिवशी तापानं लंगडायला लागलं, तर ते पडणं कारण नसतं. सांगितलेला प्रसंग आणि दुखापत जुळतच नसेल, न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडली असेल, वेगवेगळ्या वयाचे वळ दिसत असतील, तर मुलाला मारहाण झाली असण्याची शक्यता मान्य करून दाखल करून घ्या. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

चाल बघा, कपडे उतरवून

पँट घातलेल्या मुलाची चाल बघता येत नाही. चड्डीवर, अनवाणी, सहा-आठ मीटर मोकळ्या जागेत चालवा. ओपीडीची खोली पुरत नाही, व्हरांड्यात न्या. समोरून, मागून आणि बाजूनं, तिन्हीकडून बघा. एका खेपेत एकच गोष्ट बघायची: पहिल्यांदा फक्त पावलं, मग गुडघे, मग कंबर, मग खांदे. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच दिसत नाही.

डोळे मिटून ऐकाही. निरोगी चालीचा आवाज एकसारखा असतो. दुखऱ्या पायावर मूल कमीत कमी वेळ थांबतं, म्हणून एक पाऊल लांब, एक तोकडं असा आवाज येतो. तोकडं पाऊल दुखऱ्या पायाचं. लुळ्या पावलाचा आवाज वेगळाच: चवडा आधी आपटतो, ‘फट्’ असा.

चालीचे मुख्य प्रकार डोळ्यांत बसवून घ्या:

दुखरी चाल. वर सांगितल्याप्रमाणे दुखऱ्या पायावरचा थांबा आखूड. कारण तळव्यापासून कण्यापर्यंत कुठेही असू शकतं.

झुकती चाल. उजवा खुबा निकामी असेल तर उजव्या पायावर भार येताच डावा कुल्ला खाली पडतो आणि तोल सावरायला धड उजवीकडे झुकतं. दोन्ही बाजूंना असेल तर बदकासारखी डोलती चाल. इथे बहुतेक वेळा दुखत नसतं, म्हणूनच पालक उशिरा येतात.

आखूड पायाची चाल. त्या बाजूचा खांदा प्रत्येक पावलाला खाली जातो, किंवा मूल त्या पायाच्या चवड्यावर चालतं.

ताठर चाल. गुडघा न वाकवता पाय बाजूनं अर्धवर्तुळ घेऊन पुढे येतो, त्याच बाजूचा हात कोपरात वाकलेला. पळायला लावलं की हात आणखी वाकतो. हा मेंदूकडचा दोष. पायाचे एक्स-रे काढत बसू नका.

लुळ्या पावलाची चाल. पायरी चढल्यासारखा गुडघा उंच उचलला जातो, पाऊल लोंबतं.

मग थोडा खेळ. चवड्यावर चालव, टाचेवर चालव, लंगडी घालून दाखव. लंगडीसारखी सोपी आणि चांगली चाचणी दुसरी नाही: मूल लाजत नाही, आणि पोटरीची ताकद, पायाचं दुखणं, तोल तिन्ही एकदम कळतात. साधारण पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला ती यायला हवी. मग उकिडवं बसायला सांगा, शेवटी जमिनीवर मांडी घालायला. मांडी घालताना एक गुडघा दुसऱ्यापेक्षा वर राहिला तर त्या बाजूच्या खुब्यात काहीतरी आहे, असं धरून पुढे जायचं. जमिनीवरून उठताना मुलगा हातांनी स्वतःच्याच मांड्यांवर चढत उभा राहतो का, तेही बघा. तीन-पाच वर्षांचा मुलगा, टणक फुगलेल्या पोटऱ्या आणि असं उठणं म्हणजे स्नायूंचा आनुवंशिक आजार. रक्तातलं सीपीके (स्नायू झिजले की वाढणारं द्रव्य) तपासा.

हात लावताना: चांगला पाय आधी, दुखरी जागा शेवटी

लहान मूल आईच्या मांडीवरच तपासा. हात कोमट करा. बोटानं दाबताना पायाकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा.

सुरुवात तळव्यापासून. हे टाळलं जातं, कारण तळवे मातीनं माखलेले असतात. ओल्या फडक्यानं पुसा, बॅटरीचा उजेड तिरका पाडा आणि पेनाच्या बोथट टोकानं एक-एक चौरस सेंटीमीटर हलकेच दाबत जा. बाभळीचा काटा आत मोडलेला असला तर वरून फक्त काळसर ठिपका दिसतो, कधी तोही नाही. पण नेमक्या त्या ठिपक्यावर दाबलं की मूल पाय झटकतं. काटा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. सांध्याजवळ रुतलेला काटा महिना-महिना सांधा सुजवून ठेवतो. बोटांच्या बेचक्या, नखं आणि कुरूप बघा. बुटात हात घालून आतून फिरवा: वर आलेला खिळा, गोळा झालेला मोजा, आखूड पडलेला बूट. चपलांचे तळ शेजारी ठेवून झीज बघा. एका चपलेचा फक्त चवडा झिजला असेल तर लंगडणं कालचं नाही.

नंतर नडगी. एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या नडगीच्या खालच्या भागात पिळवटून बारीक चीर जाते. कारण क्षुल्लक असतं: घसरगुंडीवर मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून पाय अडकणं, पाय मुरगळून बसकण मारणं. सूज नसते, पहिला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. एका हातानं गुडघा धरून दुसऱ्यानं पाऊल हलकेच पिळलं की मूल रडतं. अशा वेळी प्लास्टर किंवा स्लॅब देऊन ७ ते १० दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा. तोवर चिरेभोवती नवं हाड दिसायला लागतं.

गुडघ्यात पाणी आहे का, वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं का बघा. दहा-पंधरा वर्षांच्या खेळाडू मुलांत तिथला उंचवटा सुजून दुखतो. विश्रांतीनं आणि मांडीचे स्नायू ताणण्याच्या व्यायामानं ते शमतं. पण गुडघ्याच्या थोडं वर किंवा खाली हाडालाच चिकटलेला टणक फुगवटा असेल तर एक्स-रे होईपर्यंत त्याला तेलही लावू देऊ नका. त्या वयात हाडाचा कर्करोग गुडघ्याजवळच सर्वांत जास्त होतो, आणि मालिशनं नुकसानच होतं.

कणा विसरू नका. चालण्यापेक्षा बसायलाच नकार देणारं, खाली पडलेलं खेळणं कंबर ताठ ठेवून गुडघे वाकवून उचलणारं मूल पायानं नाही, मणक्यानं लंगडतंय. पोटही दाबून बघा: अपेंडिक्सच्या सुजेत किंवा पोटामागच्या लांब स्नायूतल्या गळवात मूल मांडी पोटाकडे ओढून धरतं, आणि ती सरळ करायला गेलं की ओरडतं.

खुबा: इथे जास्त वेळ द्या

खुब्याचं दुखणं खुब्यात सांगितलं जात नाही. खुब्याच्या सांध्याकडून आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूकडून येणारी संवेदना एकाच नसेतून जाते, म्हणून मूल हात लावून दाखवतं ते गुडघ्यावर. गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो, क्रेप बँडेज बांधून पाठवलं जातं. खुब्याचा गोळा घसरलेली किती तरी मुलं अशीच उशिरा सापडतात. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासायचा. याला अपवाद करू नका.

तपासणी अशी. मूल उताणं, दोन्ही पाय सरळ. मांडी तळहाताखाली धरून लाटण्यासारखी हलकेच आत-बाहेर फिरवा. निरोगी पाय सैल फिरतो. सांध्यात सूज असेल तर मांडीचे स्नायू लगेच घट्ट होतात. मूल रडण्याआधी ते हाताला कळतं.

मग पालथं झोपवा, दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा आणि दोन्ही पावलं एकाच वेळी बाहेरच्या बाजूला पडू द्या. या हालचालीत खुबा आतल्या बाजूला वळतो. जवळजवळ प्रत्येक खुब्याच्या आजारात हीच हालचाल सर्वांत आधी कमी होते. दोन्ही बाजूंची तुलना करा. एक पाऊल कमी पडलं तर बाजू सापडली. ही एकच चाचणी शिकलात तरी पुष्कळ मुलं वाचतील.

नंतर उताणं झोपवून मांडी पोटाकडे वाकवा. वाकताना ती सरळ न येता आपोआप बाहेर वळत गेली, आणि मूल दहाच्या पुढचं असेल, तर खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या चकतीवरून घसरलाय असं समजा. त्या क्षणापासून पाय टेकवणं बंद, स्ट्रेचर. ‘एक्स-रे रूम पलीकडेच आहे, चालत जा’ म्हटलं आणि चालताना गोळा आणखी घसरला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

लांबी मोजायला शिवणकामाची टेप पुरते. कंबरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजा. आधी कंबर चौरस करा, म्हणजे दोन्ही टोकं एका रेषेत, दोन्ही पाय सारख्या कोनात. हे न केल्यानंच बहुतेक मापं चुकतात. शंका आली तर मूल उभं करून आखूड पायाखाली कंबर समतल होईपर्यंत वह्या ठेवा आणि वह्यांची जाडी मोजा. १ सेंटीमीटरपर्यंतचा फरक पुष्कळांत असतो, त्यानं मूल लंगडत नाही. वाटीच्या वर १० सेंटीमीटरवर मांडीचा घेरही दोन्हीकडे मोजा. एक मांडी १ सेंटीमीटरनं बारीक असेल तर आजार काही आठवड्यांचा आहे, पालक काहीही म्हणोत.

वयानुसार मनात काय आणायचं

एक ते तीन वर्षं: नडगीची चीर, सांध्यातला किंवा हाडातला पू, जन्मापासून निखळलेला खुबा, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी). चार ते आठ: खुब्याची तात्पुरती सूज, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा पर्थीसचा आजार (मुलग्यांत मुलींच्या चार-पाच पट), रक्ताचा कर्करोग, संधिवात. दहाच्या पुढे: घसरलेला गोळा, खेळातला अतिताण, हाडाची गाठ. पू आणि क्षयरोग कुठल्याही वयात होतो.

पर्थीसमध्ये सुरुवातीचा एक्स-रे चांगला असू शकतो. चार-सहा आठवडे लंगडणं टिकलं तर एक्स-रे पुन्हा काढायचा. ‘एकदा काढला होता, नॉर्मल होता’ यावर थांबू नका.

सूज की पू?

हा रोजचा पेच. तीन ते आठ वर्षांचं मूल, नुकतीच सर्दी होऊन गेलेली, सकाळी उठलं ते लंगडत. बहुतेक वेळा ही खुब्याची तात्पुरती सूज असते. आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जाते. पण सुरुवातीला पूही असाच दिसतो. १९९९ साली हाडांचे डॉक्टर कोशर आणि सहकाऱ्यांनी चार खुणा मांडल्या, त्या आजही उपयोगी आहेत:

१. पाय अजिबात टेकवत नाही.
२. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे १०१.३ फॅरनहाइटच्या वर.
३. ईएसआर (रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, सुजेत वाढतो) ४० च्या वर.
४. पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर.

त्यांच्या मूळ अभ्यासात दोन खुणा असलेल्यांत पू असण्याची शक्यता ४० टक्के, तीन असलेल्यांत ९३ टक्के निघाली. पुढच्या अभ्यासांत हे आकडे इतके ठळक आले नाहीत, म्हणून नुसत्या खुणांच्या संख्येवर विसंबू नका. सीआरपी (सुजेत वाढणारं रक्तातलं प्रथिन) २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर ही पाचवी खूण धरा. अहवाल वाचताना एकक बघा. काही प्रयोगशाळा प्रति डेसिलिटर देतात, तिथे २० म्हणजे २०० होतात.

दोन खुणा भरल्या की सोनोग्राफी. पाणी दिसलं की ते सुईनं काढून तपासायचं, आणि पू असला तर त्याच दिवशी ऑपरेशननं सांधा धुवायचा. सोनोग्राफीत पाणी दिसतं, पण ते साधं की पुवाचं हे तिच्यातून कळत नाही. सगळ्यात मोठी घोडचूक इथे होते: ‘तोवर एक इंजेक्शन देऊन ठेवू’ म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. ताप उतरतो, चाचण्या निवळल्यासारख्या दिसतात, कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) कोरं येतं, आणि सांधा आतून जळत राहतो. मूल जंतुसंसर्गाच्या धक्क्यात (सेप्टिक शॉक) नसेल तर आधी रक्ताचं कल्चर आणि सांध्याचं पाणी, मगच अँटिबायोटिक.

तपासण्या: काय आणि का

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पेशींचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब), ईएसआर, सीआरपी. स्मिअर सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघितलेला हवा, नुसता मशीनचा आकडा नको. ईएसआर वाढलाय आणि प्लेटलेट मात्र कमी किंवा जेमतेम आहेत, ही विसंगती रक्ताच्या कर्करोगाची खूण असू शकते. साध्या सुजेत प्लेटलेट वाढतात. याच कारणासाठी निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नका. दोन दिवस दुखणं थांबतं, पण कर्करोग झाकला जातो आणि पुढचं निदान व उपचार दोन्ही अवघड होतात.

एक्स-रे दुखऱ्या एका खुब्याचा काढू नका. कंबरेचा, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर, एक समोरून आणि एक पाय बेडकासारखे फाकवून. घसरलेला गोळा समोरच्या चित्रात नजरेतून निसटतो, फाकवलेल्यात दिसतो. मूल पाय टाकतच नसेल तर मात्र जबरदस्तीनं पाय फाकवू नका, बाजूनं चित्र घ्यायला सांगा. हाडातला पू पहिले दहा दिवस एक्स-रेत दिसत नाही, तिथे एमआरआय.

न दुखणारं लंगडणं

चालायला लागलं तेच झुकत, दुखत काही नाही. ही निखळलेल्या खुब्याची चाल. उताणं झोपवून गुडघे वाकवा, पावलं टेकवा: एक गुडघा खाली दिसेल. त्या बाजूची मांडी बाहेर कमी फाकते. दोन्ही खुबे निखळले असतील तर गुडघे सारखे दिसतात आणि फसगत होते. तिथे कंबरेचा बाक आणि डोलती चाल बघा. सहा महिन्यांपर्यंत सापडलं तर पट्ट्यांवर भागतं, चालायला लागल्यावर बहुधा भूल देऊन किंवा ऑपरेशन करून बसवावा लागतो. बाळाला पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं खुब्याला वाईट. कडेवर पाय फाकवून घेणं चांगलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी आणि उपचार येतात, अंगणवाडीला येणाऱ्या पथकाला दाखवा.

आपल्याकडे हेही बघा

क्षयरोग. खुब्याचा क्षयरोग महिनोन् महिने हळूहळू वाढतो. सुरुवातीला पाय बाहेर फाकलेला आणि लांब वाटतो, पुढे आत वळून आखूड वाटतो. रात्री स्नायू सैल पडले की सांधा हलतो आणि मूल झोपेत ओरडून उठतं. ताप नसेलही. सांध्यातलं पाणी किंवा तुकडा सीबीनॅटला (क्षयरोगाचे जंतू शोधणारी चाचणी) पाठवा. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत.

सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागातल्या मुलाला हाडं दुखतात, डोळे पिवळसर आहेत, तर सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची पहिली चाळणी) आणि नंतर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी) करा. लहान बाळाचे हातपाय सुजतात, मोठ्याच्या खुब्याचा गोळा सुकतो. सिकलसेलमुळे हाडात येणारी कळ आणि हाडातला पू इथे सारखे दिसतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, त्यात तपासणी होते.

इंजेक्शननंतरचं लुळेपण. तापासाठी कुल्ल्यावर सुई दिली आणि त्याच दिवसापासून पाऊल लोंबलं, तर मोठ्या नसेला इजा झाली आहे. पाऊल काटकोनात राहील अशी पट्टी आणि फिजिओथेरपी लगेच. लहान मुलांना सुई मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला द्यावी. हळूहळू लुळं पडलेल्या पावलासोबत बधिर, फिकट चट्टा असेल तर गुडघ्याबाहेरची नस चाचपा. ती जाड लागली तर कुष्ठरोग.

पोलिओची पाळत. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याच्या मुलीत आढळला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तरीही १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला तर, कारण काहीही वाटो, कळवावंच लागतं. सुरुवात झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतरानं, शौचाचे दोन नमुने.

घरी पाठवताना

तात्पुरती सूज ठरली, ताप नाही, चाचण्या चांगल्या, मूल थोडं का होईना पाय टाकतंय, तरच घरी. इबुप्रोफेन १० मिलिग्रॅम प्रति किलो, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. १५ किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १०० असलेलं सिरप ७.५ मिलिलिटर. बाटलीवर पॅरासिटामॉलही मिसळलेलं आहे का वाचा, नाहीतर दोन बाटल्यांतून दुप्पट जातं. पावसाळ्यात तापासोबत अंगदुखी असेल तर डेंगीचा संशय संपेपर्यंत इबुप्रोफेन नको, फक्त पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो. निमेसुलाइड (ताप-दुखण्याचं औषध) १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्यायला सांगा.

मालिश नाही, ओढणं-झटकणं नाही, हाडवैद्याकडे नेणं नाही. पालकांना कागदावर लिहून द्या: ताप आला, पाय टाकणं बंद झालं किंवा औषध देऊनही रात्री रडलं तर रात्रीच परत यायचं. तसं काही झालं नाही तरी ४८ तासांनी एकदा, आणि दोन आठवडे झाले तरी लंगडत असेल तर पुन्हा. परत आल्यावर जुना कागद बाजूला ठेवा, मुलाला चड्डीवर व्हरांड्यात चालवा आणि तपासणी पुन्हा तळव्यापासून सुरू करा.